आगरकरांचे एकशे एक दिवस

मैत्रिणींनो, चकलांब्यात आमच्या घराला भिंत लागून एका वार्ताहराचं घर आहे. वार्ताहर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे टीव्हीवरचा, माइक हातात धरलेला माणूस येत असेल तर तो आधी बाजूला ठेवा. खेड्यातला वार्ताहर म्हणजे पहाटे पेपरचा गठ्ठा सोडवणारा, घरोघर अंक टाकणारा, महिनाअखेर बिलं वसूल करणारा आणि मधल्या वेळात बातमी लिहिणारा माणूस. पगार नाही. मानधन म्हणून जे मिळतं त्यात मोटारसायकलचं पेट्रोलही निघत नाही. खरी मिळकत म्हणजे जाहिरातीचं कमिशन. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, दिवाळी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस, हे त्याचे सुगीचे दिवस. आता गंमत बघा, जाहिरात द्यायची ऐपत गावात ज्यांची असते, नेमकी त्यांचीच बातमी कधीतरी लिहायची वेळ येते!

तशी ती आली. आपल्या गेवराई तालुक्याच्या कडेनं गोदावरी वाहते आणि गोदावरी म्हटलं की वाळू आलीच. रात्रीचे ट्रॅक्टर, हायवा, उखडलेले रस्ते हे काही तुम्हाला नव्यानं सांगायला नको. त्यावर त्यानं चार ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी दोन माणसं दारात आली. शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही. पाणी प्यायली आणि जाताना लेकरं कोणत्या शाळेत जातात एवढं विचारून गेली.

त्या रात्री त्याची बायको माझ्याकडे येऊन बसली. मला काकू म्हणते ती. तिचं म्हणणं साधं होतं. हरिनाम सप्ताहाच्या, हळदीकुंकवाच्या, शाळेच्या गॅदरिंगच्या बातम्या लिहून पोट भरत नाही का? यांनाच कशाला नसती उठाठेव? मी तिला काय सांगणार? पण त्या दिवसांत मी गोपाळ गणेश आगरकरांबद्दल वाचत होते, म्हणून तिला त्यांचीच गोष्ट सांगायला बसले. दोन-तीन संध्याकाळी लागल्या. तीच आज तुम्हाला सांगते.

आगरकर म्हणजे आपल्याला शाळेच्या पुस्तकातले, पगडी घातलेले समाजसुधारक. परीक्षेला चार मार्कांचे! पण हा माणूस आधी पेपरवाला होता आणि बातमीपायी तुरुंगात गेला होता, हे आपण विसरूनच जातो.

जन्म १४ जुलै १८५६ चा, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावातला. घरात दारिद्र्य असं की शिकायचं तर दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं. कऱ्हाडला कचेरीत उमेदवारी केली, शिक्षणासाठी रत्नागिरीपर्यंत पायपीट केली, शेवटी अकोल्याला नातेवाइकांकडे राहून १८७५ साली मॅट्रिक झाले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. अंगात एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, ही आठवण तुम्हीही ऐकली असेल. १८७७ मध्ये लग्न झालं, यशोदाबाईंशी. पुढे एम. ए. झाले. त्या काळात एम. ए. म्हणजे सरकारी नोकरी, बंगला, गडीमाणसं सगळं चालून आलं असतं. घरच्यांनाही तीच आशा. पण यांनी आईला पत्र लिहून आधीच कळवून टाकलं की मोठ्या पगाराची वाट पाहू नकोस, पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ मी लोकांच्या कामी घालणार आहे. त्या माउलीनं ते पत्र कुणाकडून तरी वाचून घेतलं असेल आणि मग चुलीपुढे जाऊन बसली असेल, असं मला आपलं वाटतं.

विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांच्या सोबत्यांनी १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं होतं. आगरकर त्यांना येऊन मिळाले. १८८१ च्या जानेवारीत दोन पेपर निघाले. इंग्रजीतला ‘मराठा’ आणि मराठीतला ‘केसरी’. ‘मराठा’ टिळकांकडे आणि ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर. हो, ‘केसरी’ म्हटलं की आपल्याला टिळकच आठवतात, पण पहिली जवळजवळ सात वर्षं ती खुर्ची आगरकरांची होती. वय अवघं चोवीस. दिवसा शाळेत शिकवायचं, उरलेल्या वेळात पेपर. म्हणजे आपल्या वार्ताहरासारखंच, एका माणसात दोन माणसं!

पहिलं वर्ष संपतं न संपतं तोच कोल्हापूरचं प्रकरण आलं.

कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा चौथे शिवाजी महाराज होते. दत्तक आलेले, विशीही न ओलांडलेले. त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय असं इंग्रज सरकार म्हणत होतं आणि कारभार दिवाण रावबहादूर माधवराव बर्वे यांच्या हातात होता. पुण्यात मात्र वेगळीच कुजबुज. महाराज वेडे नाहीत, त्यांचे हाल करून त्यांना वेडं ठरवलं जातंय, आणि यात दिवाणांचा हात आहे. आता तुम्हीच बघा, आईबाप जवळ नाहीत, आजूबाजूला पहारा, आणि ज्यांच्या हातात सत्ता तेच म्हणणार की हा वेडा आहे. त्या पोराचं ऐकणार कोण?

‘केसरी’ आणि ‘मराठा’नं ते छापलं. छापताना शब्दांची कंजुषी केली नाही. वर कुणीतरी आणून दिलेल्या पत्रांचा आधार होता. बर्व्यांनीच लिहिलेली पत्रं म्हणून ती दाखवली जात होती आणि त्यातून महाराजांविरुद्धचा कट उघड होत होता. तरुण रक्त, खरी तळमळ आणि हातात आयता पुरावा. घात इथेच झाला.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. खटला मुंबईला, १८८२ साली. कोर्टात ती पत्रं टिकली नाहीत, बनावट निघाली! पत्रं पुरवणारे कुठल्या कुठे गेले आणि छापणारे पिंजऱ्यात उभे राहिले. संपादकांनी चूक कबूल केली, माफीही मागितली, पण फिर्याद काही मागे घेतली गेली नाही.

इथे माझी शेजारीण मला थांबवून म्हणाली की काकू, म्हणजे चूक यांचीच की. होय, ती चूक होतीच आणि ती झाकायचं कारण नाही. माणूस मोठा म्हणून त्याची चूक लहान होत नाही. पण ही चूक नेमकी कशी होते ते समजून घ्यायला हवं. गावात कुणाचं कुणाशी वाकडं असतं. तो रात्री एक झेरॉक्स आणून देतो, माझं नाव येऊ देऊ नका म्हणतो आणि निघून जातो. कागदावर शिक्का असतो, सही असते. बातमी छापून आली की आणून देणारा मजेत आणि नोटीस येते ती लिहिणाऱ्याच्या घरी. एकशे चाळीस वर्षांत यात फारसा फरक पडलेला नाही. कायदासुद्धा तसाच. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडविधानात बदनामीचा गुन्हा आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. कलमाचा नंबर ४९९-५०० चा ३५६ झाला, पण दोन वर्षांची कैद तिथेच आहे, फक्त जोडीला समाजसेवेच्या शिक्षेचा पर्याय आला.

खटला चालू असतानाच, १७ मार्च १८८२ ला, चिपळूणकर वारले. वय अवघं एकतीस. शाळेचा आधारच गेला. डोक्यावर खटला, हातात पैसा नाही, आणि शाळेत मुलं बसलेली. जामीन हवा होता दहा हजार रुपयांचा. त्या काळचे दहा हजार बरं का! मोठमोठ्या घरांतून कुणी पुढे येईना. अशा वेळी मदतीला आले ते जोतीराव फुले. त्यांनी आपले स्नेही रामशेठ बापूशेठ उरवणे यांना सांगितलं आणि उरवण्यांनी दहा हजारांचा जामीन भरला.

आता या मदतीची किंमत कळण्यासाठी एक गोष्ट माहीत हवी. चिपळूणकरांनी आपल्या ‘निबंधमाले’त फुल्यांवर अतिशय कडवट, टिंगलीची टीका केली होती. टिळक-आगरकर हे त्याच चिपळूणकरांचे साथीदार. फुले गप्प बसले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण छत्रपतींच्या गादीवरच्या पोरासाठी ही पोरं लढताहेत एवढंच त्यांनी पाहिलं. सावित्रीबाईंचं घर ते. मागचं उकरून काढायची तिथे रीत नव्हती.

१४ जुलैला आगरकरांना सव्विसावं वर्ष पूर्ण झालं. आणि तीनच दिवसांनी, १७ जुलै १८८२ ला, निकाल लागला. दोघांनाही चार महिने कैद. रवानगी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात.

डोंगरीत दोघे एकाच लहानशा कोठडीत. पावसाळ्याचे दिवस, ओल, घोंगडीवर झोपणं, तुरुंगाचं जेवण. दोघांचीही वजनं झपाट्यानं उतरली. पण बोलणं काही थांबेना! रात्री देशाचं, शिक्षणाचं, समाजाचं बोलताना आवाज इतके चढायचे म्हणे, की पहारेकऱ्यांना येऊन गप्प करावं लागायचं. दोन भाऊ भांडताहेत की गप्पा मारताहेत तेच कळू नये तसं. पुढे या दोघांचं खरोखरचं भांडण झालं, तेव्हा या रात्री दोघांनाही आठवल्या असतील. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चा मराठी अवतार ‘विकारविलसित’ आगरकरांनी याच काळात हाती घेतला. तेही एका राजपुत्राचंच नाटक, ज्याला लोक वेडा म्हणतात.

आणि यशोदाबाई? लग्नाला पाच वर्षं झालेली. नवरा चोरी-दरोड्यात नाही, पण तुरुंग तो तुरुंगच. पाणवठ्यावर, देवळात, सणावारी बायकांच्या नजरा कशा असतात ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. श्रावण आला, गौरी-गणपती आले, नवरात्र आलं, दसरा झाला. ते सगळे दिवस त्या एकशे एकात येतात. माझी शेजारीण हे ऐकताना बोटांवर मोजत होती, ते मी पाहिलं.

शिक्षेत थोडी सूट मिळून २६ ऑक्टोबर १८८२ ला दोघे सुटले. तुरुंगाबाहेर लोकांची गर्दी. सत्यशोधक मंडळींनी त्यांचा सत्कार केला. सुटून आल्यावर आगरकरांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे एकशे एक दिवस’ हे लहानसं पुस्तक लिहिलं. तुरुंगात कैद्यांना कसं वागवतात याचीही त्यात बातमी! पेपरवाल्याला तुरुंगात टाकलं तरी तो पेपरवालाच राहतो, दुसरं काय.

आणि कोल्हापूरच्या महाराजांचं काय झालं? त्यांना आपल्या शेजारच्या नगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं. २५ डिसेंबर १८८३ ला तिथे त्यांच्यावर नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या रखवालदाराशी झटापट झाली, पोटात मार बसून पानथरी फुटली आणि महाराज गेले. वय वर्षं वीस. म्हणजे बघा, पत्रं खोटी होती, पण पोराचे हाल खरे होते. संपादक तुरुंगात जाऊन आले आणि ज्याच्यासाठी गेले तो वाचला नाही. त्यानंतर १८८४ साली त्या गादीवर जे दत्तक आले ते आपले शाहू महाराज.

इतकं भोगल्यावर एखाद्यानं शाळेची नोकरी सांभाळून गप्प बसणं पसंत केलं असतं. आगरकर पुढची काही वर्षं ‘केसरी’तच राहिले, पण आता त्यांना घरातल्या जुलमावर लिहायचं होतं. बालविवाह, विधवांचं केशवपन, मुलींना शाळा बंद. सोबत्यांना वाटे की आधी राजकारण, घरातलं मग बघू. शेवटी १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ च्या ऑक्टोबरात स्वतःचा ‘सुधारक’ काढला. इंग्रजी बाजूला सोबतीला गोपाळ कृष्ण गोखले होते. मुलामुलींना एकत्र आणि एकसारखं शिक्षण द्या, हे आगरकर तेव्हा लिहीत होते. आपल्या कपड्यांवरसुद्धा लिहिलं, बायकांनी जाकिटं घालावीत म्हणून! आज हसू येतं, पण उघड्या अंगानं काम करताना बाईची किती अडचण होते, याचा विचार करायला कुणाला सवड होती तेव्हा?

दिवाणाविरुद्ध लिहिलं तेव्हा निदान पुणं पाठीशी होतं. आता पुणंच अंगावर आलं. लोकांनी त्यांचा पुतळा करून जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. तिरडी, मडकं, सगळं. ज्याची प्रेतयात्रा तो जिवंत! नवऱ्याची जिवंतपणी तिरडी निघालेली पाहणं म्हणजे काय, ते यशोदाबाईंनाच ठाऊक. त्या स्वतः देवधर्म, सोवळंओवळं पाळणाऱ्या. नवरा देव न मानणारा. पण त्यानं बायकोच्या देवघराला कधी आडकाठी केली नाही. जगाला सुधारायला निघालेला माणूस घरात जबरदस्ती करत नव्हता, हे मला त्याच्या लेखांइतकंच मोठं वाटतं.

आपला बीड जिल्हा त्या काळी निजामाच्या राज्यात. इकडे असं उघड लिहायची सोय किती होती ते जुनी माणसं सांगत. पार १९४८ च्या ऑगस्टात हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू पेपरचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांना रझाकारांनी रस्त्यात गाठून मारलं, लिहिणारा हातच तोडला. त्यानंतर महिनाभरात निजामाचं राज्य संपलं. आणि फार मागे कशाला जायचं, ६ फेब्रुवारी २०२३ ला कोकणात राजापूरला पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडलं. जमिनीच्या व्यवहारात असलेल्या माणसाबद्दलची त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. दुसऱ्या दिवशी ते गेले. मागे म्हातारी आई आणि शिकणारा मुलगा.

आगरकरांवर कुणी गाडी घातली नाही. त्यांना दम्यानं नेलं. १८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपल झाले, पण शरीर पोखरलं गेलं होतं. १७ जून १८९५ ला गेले, तेव्हा एकोणचाळीस वर्षंही पुरी झाली नव्हती. उशाखाली एक पुडी सापडली. तिच्यात थोडे पैसे बांधून ठेवलेले, आपल्या दहनाच्या खर्चासाठी. कॉलेजचा प्रिन्सिपल हो! बायकोला त्या दिवशी कुणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं शब्दांचं युद्ध चाललं, त्या टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला. लिहिताना त्यांना रडू आवरेना, असं सांगतात. यशोदाबाईंनी मागं राहून पोरं वाढवली.

पुडीचं ऐकलं आणि माझी शेजारीण पदर डोळ्याला लावून बसली. थोड्या वेळानं तिनं विचारलं की आपल्या वेळेला काही कायदा आहे का काकू. आहे. महाराष्ट्रानं २०१७ साली पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध कायदा केला, २०१९ पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तपास डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्याकडे द्यायचा नाही. पत्रकारानं खोटी तक्रार केली तर त्यालाही शिक्षा आहे. पण दारात येऊन पाणी पिऊन लेकरांची शाळा विचारून गेलेल्या माणसावर काय कलम लावणार, ते तिलाही कळत होतं आणि मलाही.

तरी दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन गेली आणि घडलेलं तारीख-वार घालून लेखी देऊन, पोच घेऊन आली. ती पोच तिनं गव्हाच्या कोठीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलीय. दुसरी प्रत माहेरी भावाकडे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

बातम्या लिहू नका असं ती आता म्हणत नाही. सप्ताहाच्याही येतात, वाळूच्याही येतात. फक्त रात्री कुणी कागद आणून दिला की जेवायला वाढता वाढता ती विचारते, हा कुणी दिला, त्याचं काय वाकडं आहे, आणि तहसीलमध्ये जाऊन तुम्ही स्वतः बघितलं का. परवा भिंतीपलीकडून ऐकू आलं. नवरा चिडून म्हणत होता की उद्या बघतो. आणि ती म्हणत होती, मग बातमीसुद्धा उद्याच पाठवा.